धंदा बंदचा आदेश निघतो, तेव्हा भाडं कोण भरतं?

साथीचा आजार आला की सरकार सगळ्यात आधी माणसं एकत्र येण्याच्या जागा बंद करतं. हॉटेल, शॅक म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी झावळ्यांची हॉटेलं, बार, खाणावळ, लग्नाचे हॉल, पर्यटकांच्या बसगाड्या. आजार पसरू नये म्हणून हे करावंच लागतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न पुढचा आहे. दार बंद झालं तरी जागेचं भाडं, बँकेचा हप्ता, वीजबिलातला स्थिर आकार आणि कामगारांचा पगार थांबत नाही. फैलाव रोखल्याचा फायदा सगळ्या गावाला मिळतो, किंमत मात्र ज्याचा धंदा बंद केला तो एकटा मोजतो. ही किंमत सरकारने वाटून घ्यावी, आणि ती कशी वाटून घेणार हे पुढची साथ यायच्या आधीच लिहून ठेवावं, असं माझं म्हणणं आहे. मी गोव्यात बार्देश तालुक्यातल्या छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितो, म्हणून आकड्यांच्या वाटेनेच जातो.

खर्च बारा महिन्यांचा, कमाई हंगामाची

गोव्यातला पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, नाताळ आणि नव्या वर्षाला टिपेला पोचतो आणि मे अखेरीस पाऊस दाराशी आला की आटोपतो. किनाऱ्यावरचे शॅक तर पावसाआधी मोडून ठेवावेच लागतात, कारण परवानगीच हंगामापुरती असते. उरलेले महिने मागच्या कमाईवर काढायचे. त्यामुळे जुलैमधली महिनाभराची बंदी आणि डिसेंबरमधली महिनाभराची बंदी या कॅलेंडरावर सारख्या दिसल्या तरी हिशेबाच्या वहीत त्यांची तुलनाच होत नाही. डिसेंबर गेला तर वर्ष गेलं.

२०२० साली कोरोनात नेमकं काय झालं ते आठवा. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. कळंगुट, कांदोळी, हणजूण, मोरजीपासून खाली काणकोणात पाळोळेपर्यंत हंगामाचे शेवटचे आठवडे चालू होते. हे सगळे धंदे आधीच दमलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चपासून खाणी थांबल्या, तेव्हापासून राज्याच्या उत्पन्नाचा एक पाय लंगडा झालेला. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली आणि तिच्या चार्टर विमानांनी येणारे ब्रिटिश पाहुणेही गेले. त्यावर ही साथ आली.

२०१९ मध्ये गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले होते, त्यात नऊ लाखांहून अधिक परदेशी. परदेशी पर्यटकांचे व्हिसा मार्च २०२० मध्ये थांबले ते चार्टर विमानांसाठी १५ ऑक्टोबर २०२१ ला आणि बाकीच्यांसाठी १५ नोव्हेंबर २०२१ ला पुन्हा सुरू झाले. २०२१ च्या पूर्ण वर्षात परदेशी पाहुणे आले सुमारे २२ हजार. विदेशी पाहुण्यांवर चालणाऱ्या मांद्रे-हरमल पट्ट्यातल्या माणसाला हा आकडा वाचून दाखवायची गरज नाही, तो त्याने भोगलेला आहे.

हॉटेल बंद पडलं की फक्त हॉटेलवाला थांबत नाही. बेळगावहून पहाटे येणारी भाजीची गाडी अर्धी रिकामी येते. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराच्या आणि ट्रॉलरवाल्याच्या मासळीला भाव मिळत नाही. पाव घेऊन सायकलवर फिरणारा पोदेर, चादरी धुणारा, टॅक्सीवाला, मोटरसायकलवरून प्रवासी नेणारा पायलट, भाड्याने दुचाकी देणारा, विहिरीचं पाणी टँकरने पोचवणारा, या सगळ्यांचे पैसे त्याच एका खोलीच्या भाड्यातून येतात. म्हणून आतिथ्य व्यवसायाला मदत म्हटल्यावर डोळ्यांसमोर पंचतारांकित हॉटेलची लॉबी आणू नये. मदतीचा रुपया तिथून खाली कुठे जातो ते पाहावं.

दहा खोल्यांच्या गेस्ट हाऊसचं गणित

उदाहरणासाठी एक गेस्ट हाऊस धरू. मांद्रेत दहा खोल्या, जागा भाड्याची, नवरा-बायको चालवतात, हाताखाली चार माणसं. आकडे मी धरलेले आहेत, पण अशा धंद्याच्या वहीत बसतील असे आहेत.

दर महिन्याला जागेचं भाडं ६० हजार. चौघांचा पगार प्रत्येकी १६ हजारप्रमाणे ६४ हजार. बँकेचं १५ लाखांचं कर्ज शिल्लक आहे, त्याचा हप्ता ४८ हजार. विजेचा स्थिर आकार, इंटरनेट, पंप-जनरेटरची देखभाल मिळून १० हजार. पंचायतीचा परवाना, पर्यटन खात्याची नोंदणी, अबकारी खात्याची फी, अन्न परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, कचऱ्याचं शुल्क हे सगळं बारा महिन्यांवर वाटलं तर ६ हजार. बेरीज १ लाख ८८ हजार. एकही पाहुणा आला नाही तरी हे पैसे जातात. यालाच स्थिर खर्च म्हणतात. अंडी, पाव, साबण, गॅस हा बदलता खर्च, पाहुणा नसेल तर तो आपोआप थांबतो.

सहा महिने दार बंद राहिलं तर खड्डा ११ लाख २८ हजारांचा.

आता सरकारी उपाय एकेक लावून बघू. पहिला, हप्त्यांना स्थगिती. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला तीन महिन्यांची स्थगिती जाहीर केली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. त्यामुळे आपल्या गेस्ट हाऊसचे सहा हप्ते, म्हणजे २ लाख ८८ हजार, तात्पुरते टळले. खड्डा उरला ८ लाख ४० हजारांचा. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. १५ लाखांवर वर्षाला दहा टक्के धरले तर सहा महिन्यांत सुमारे ७५ हजार रुपये कर्जात वाढले. व्याजावरच्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ मार्च २०२१ ला न्यायालयाने स्थगितीच्या काळातलं चक्रवाढ व्याज घेऊ नका असं सांगितलं, मात्र मूळ व्याज माफ करायला नकार दिला.

शिवाय तारखा बघा. स्थगिती संपली ३१ ऑगस्टला. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या दुकानदाराला त्या वेळी दसरा-दिवाळीचं गिऱ्हाईक समोर दिसत होतं. मांद्रेत भर पावसाळा होता आणि परदेशी पर्यटकांची विमानं बंद होती. हप्ता सुरू झाला, कमाई नाही.

दुसरा उपाय, तातडीच्या कर्जाची हमी योजना. मे २०२० मध्ये आत्मनिर्भर भारत पॅकेजमधून तीन लाख कोटींची ही योजना आली. बँकेने धंद्याला जादा कर्ज द्यायचं, ते बुडालं तर शंभर टक्के भरपाई केंद्र सरकार देणार, म्हणून बँकेने वेगळं तारण मागायचं नाही. कल्पना चांगली होती आणि तिने पुष्कळ धंदे तगवले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. अडचण मोजमापात होती. जादा कर्ज किती, तर २९ फेब्रुवारी २०२० ला जे कर्ज शिल्लक असेल त्याच्या २० टक्के. आपल्या गेस्ट हाऊसला १५ लाखांवर ३ लाख. खड्डा ८ लाख ४० हजारांचा.

आणि ही २९ फेब्रुवारीची तारीख हंगामी धंद्याच्या नेमकी मुळावर येते. गोव्यातला धंदेवाईक सप्टेंबर-ऑक्टोबरात रंगरंगोटीसाठी, नव्या गाद्यांसाठी, शॅकच्या बांबू-माडाच्या झावळ्यांसाठी उसने घेतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या कमाईतून फेडत आणतो. फेब्रुवारी अखेरीस त्याचं खेळत्या भांडवलाचं कर्ज वर्षातलं सगळ्यात कमी असतं. ज्याने वेळेवर फेडलं त्याची पात्रता कमी, आणि ज्याने बँकेकडून कधी घेतलंच नाही, सोनं गहाण ठेवून किंवा मेहुण्याकडून घेऊन धंदा चालवला, त्याची पात्रता शून्य. वाईट हेतूने कोणी असं केलं असं मी म्हणत नाही. देशभरासाठी एक सूत्र करताना किनारपट्टीचं वर्ष कसं चालतं हे कोणी विचारलं नाही, इतकंच.

हॉटेल आणि पर्यटनासाठी या योजनेचा वेगळा भाग आला मार्च २०२१ मध्ये, पहिल्या टाळेबंदीला वर्ष झाल्यावर. मर्यादा ४० टक्के झाली, मुदत सहा वर्षं, त्यातली पहिली दोन वर्षं मुद्दल भरायचं नाही. हे आधीच्यापेक्षा पुष्कळ बरं होतं. जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने हॉटेल, रेस्टॉरंट, ट्रॅव्हल एजंट, खाजगी बसवाले अशा लोकांच्या संपर्कावर चालणाऱ्या धंद्यांना कर्ज देण्यासाठी बँकांना १५ हजार कोटींची खिडकी उघडून दिली. २०२२ च्या अर्थसंकल्पात हमी योजनेची मर्यादा ५० हजार कोटींनी वाढली आणि ती वाढ फक्त आतिथ्य व संबंधित धंद्यांसाठी राखली गेली. दिशा योग्य होती, पण मदत पोचेपर्यंत दोन हंगाम गेले होते.

तरी यातली प्रत्येक गोष्ट कर्जच आहे. कर्ज आणि अनुदान यांतला फरक साधा आकडा लावला की कळतो. समजा बँकेने आपल्या गेस्ट हाऊसला पूर्ण ११ लाख दिले असते, पहिल्या योजनेच्या अटींवर: व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के, चार वर्षांची मुदत, पहिलं वर्ष फक्त व्याज. तर वर्षभर व्याजाचे सुमारे लाखभर रुपये आणि पुढची तीन वर्षं महिन्याला सुमारे ३५ हजारांचा जादा हप्ता. एकूण परतफेड साडेतेरा लाखांच्या वर. पाहुणा जी रात्र राहिलाच नाही ती रात्र पुन्हा विकता येत नाही. कारखान्यात माल गोदामात पडून राहतो, उशिरा का होईना खपतो. रिकाम्या खोलीची रात्र सकाळ झाली की कायमची गेली. ते नुकसान भविष्यातल्या कमाईतून भरून निघेल असं गृहीत धरून दिलेलं कर्ज त्या माणसाला तीन-चार वर्षं वाकवून ठेवतं.

चौघांचा पगार

कोणताही मालक अडचणीत सगळ्यात आधी ज्याला हात लावतो ती रक्कम म्हणजे हे ६४ हजार. गोव्याच्या स्वयंपाकघरांत आणि हाऊसकीपिंगमध्ये कर्नाटक, झारखंड, ओडिशा, ईशान्येकडची राज्यं आणि नेपाळ इथली पुष्कळ माणसं आहेत. मे २०२० मध्ये त्यातली बरीच श्रमिक गाड्यांनी घरी गेली. धंदा पुन्हा उघडायची वेळ आली तेव्हा तंदूरवर उभा राहणारा माणूस नव्हता.

पगारासाठी केंद्राच्या दोन योजना होत्या. एकात मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा पगार १५ हजारांखाली असलेल्या आस्थापनांचा भविष्य निर्वाह निधीचा दोन्हीकडचा हिस्सा, म्हणजे पगाराच्या २४ टक्के, सरकारने भरला. दुसरी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयची. नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत, आधी ती २५ टक्केच होती. दोन्ही योजना चांगल्या. पण भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो वीस किंवा अधिक कामगार असतील तर, आणि राज्य विमा साधारणपणे दहापासून. आपल्या गेस्ट हाऊसमध्ये माणसं चार. म्हणजे ते मालक आणि ते चौघे दोन्ही जाळ्यांच्या बाहेर. गोव्यातले बहुतेक शॅक, खाणावळी, होमस्टे या आकाराचे आहेत.

जून २०२१ मध्ये पर्यटन क्षेत्रासाठी खास हमी योजना आली: गाइडला एक लाखापर्यंत, ट्रॅव्हल एजन्सीसारख्या व्यावसायिकाला दहा लाखांपर्यंत कर्ज, प्रक्रिया शुल्क नाही. ती किती जणांसाठी होती? राज्यं आणि केंद्राने मान्यता दिलेले सुमारे १०,७०० गाइड आणि मंत्रालयाची मान्यता असलेले सुमारे ९०० व्यावसायिक, संपूर्ण देशात. टॅक्सीवाला, शॅकवाला, घरातल्या दोन खोल्या भाड्याने देणारी बाई यांचं नाव त्या यादीत असायचं कारणच नव्हतं.

विमा आणि आपत्ती कायदा

हॉटेलचा विमा असतो, तो का नाही मिळाला, असं खूप जण विचारतात. धंदा थांबल्याचा विमा आपल्याकडे सहसा आगीच्या विम्याला जोडलेला असतो. इमारतीला आग लागली, पुराचं पाणी शिरलं, वादळात छप्पर उडालं आणि त्यामुळे धंदा थांबला तर पैसे मिळतात. साथीत भिंतीला तडा जात नाही, म्हणून दावा बसत नाही. ब्रिटनमध्ये काही पॉलिसींच्या शब्दांवर खटला झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बऱ्याच मुद्द्यांवर विमाधारकांच्या बाजूने निकाल दिला, पण त्या पॉलिसींत आजाराचं किंवा सरकारी आदेशाने जागा बंद होण्याचं कलम मुळात होतं.

आपत्तीचा निधी? १४ मार्च २०२० ला केंद्राने कोरोनाला अधिसूचित आपत्ती मानलं, त्यामुळे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून विलगीकरण केंद्रं आणि चाचणी प्रयोगशाळांसाठी खर्च करता आला. धंद्याचं नुकसान त्यात बसत नव्हतं. पुरात शेत गेलं तर पंचनामा होतो, मदतीचा दर ठरलेला असतो. सरकारी आदेशाने धंदा थांबला तर पंचनाम्याचा नमुनासुद्धा नाही. मात्र आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याचं तेव्हाचं कलम १३ वाचून ठेवण्यासारखं आहे. मोठ्या आपत्तीत बाधित लोकांना कर्जफेडीत सवलत द्यावी किंवा सवलतीच्या अटींवर नवं कर्ज द्यावं, अशी शिफारस राष्ट्रीय प्राधिकरण करू शकतं, असं त्यात म्हटलं होतं. दार होतं, ते उघडायचं की नाही हे सरकारवर सोडलं होतं. २०२५ च्या दुरुस्तीत ते कलमच काढून टाकलं.

उघडं आहे, पण चालत नाही

या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग हा आहे. बंदी उठली की मदतीची चर्चा संपते. पण साथीत 'उघडं' म्हणजे काय? निम्म्या खुर्च्या, रात्री लवकर बंद, चाचणीचा दाखला असलेलाच पाहुणा. गोव्याने २ जुलै २०२० पासून देशी पर्यटकांना येऊ दिलं ते पर्यटन खात्याने परवानगी दिलेल्या सुमारे २५० हॉटेलांत. सप्टेंबरात सीमा आणि बार उघडले, नोव्हेंबरात कॅसिनो.

ज्या रेस्टॉरंटला साठ टक्के टेबलं भरल्याशिवाय खर्च निघत नाही, त्याला पन्नास टक्क्यांची परवानगी देणं म्हणजे रोज थोडा तोटा करायची परवानगी. कागदावर तो चालू धंदा असतो, म्हणून मदतीला अपात्र. स्वयंपाकी बोलवावा लागतो, फ्रिज चालू करावे लागतात, बदलता खर्चही परत सुरू होतो. पूर्ण बंदपेक्षा अर्धवट उघडं महाग पडलेले धंदे मी हिशेबात पाहिले आहेत.

याचा थेट संबंध आरोग्याशी आहे. हातात पैसा नसलेला मालक लवकर उघडण्यासाठी दबाव आणतो, ताप आलेला वेटर पगार कापला जाईल म्हणून सांगत नाही, खोकणाऱ्या पाहुण्याला परत पाठवायची हिंमत होत नाही. मे २०२१ मध्ये गोव्यात चाचणी केलेल्या दोन माणसांमागे जवळपास एक बाधित निघत होता. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्राणवायूअभावी रुग्ण तडफडले. ती लाट पर्यटनामुळेच आली असं मी म्हणणार नाही, तिची कारणं पुष्कळ होती. पण त्याआधीच्या आठवड्यांत 'आता पुन्हा बंद केलं तर आम्ही मरू' असं धंदेवाले कळवळून सांगत होते, आणि ते खरं बोलत होते. बंद राहणं परवडावं अशी सोय असती तर हा आवाज वेगळा असता. म्हणून ही मदत मी आरोग्यखर्चातच धरतो, लसीच्या आणि चाचण्यांच्या रांगेत.

इतरांनी काय केलं

ब्रिटनमध्ये सरकारने घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्क्यांपर्यंत, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड दिले. मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत. छोट्या हॉटेल-पबना १० हजार किंवा २५ हजार पौंडांचं एकरकमी अनुदान मिळालं, आणि ते जलद पोचायचं एक कारण म्हणजे त्यासाठी नवी यादी केली नाही. मालमत्ता कराच्या जुन्या मूल्यांकनावरून कोणाला किती ते ठरवलं. याच देशाने ऑगस्ट २०२० मध्ये बाहेर जेवणाऱ्यांच्या बिलात निम्मी सूटही दिली. त्यामुळे संसर्ग वाढल्याचं नंतरच्या एका अभ्यासात दिसलं. गिऱ्हाईक आणण्यासाठी दिलेला पैसा साथ ओसरल्यावर उपयोगी, साथ चालू असताना घातक.

अमेरिकेने २०२१ मध्ये रेस्टॉरंटांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा निधी काढला. पावणेतीन लाखांहून अधिक अर्ज आले, सुमारे एक लाख जणांना पैसे मिळाले आणि निधी संपला. बाकीचे हात चोळत बसले. निधी कमी असेल तर सगळ्यांना थोडं द्यायचं की काहींना पुरतं, हे आधी ठरवावं लागतं.

दूर कशाला जायचं? महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२० मध्ये आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा द्यायचं ठरवलं आणि एप्रिल २०२१ पासून पात्र हॉटेलांना वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारायचं ठरलं. अनुदान नाही, पण स्थिर खर्चालाच हात घातला.

पणजीच्या हातात काय आहे

इथेही दोन दरवाजे आहेत, आणि कोणता कुठे ठोठवायचा हे माहीत नसल्यामुळे निवेदनं वाया जातात. कर्जाच्या अटी, स्थगिती, जीएसटीचे दर, व्हिसा हे दिल्लीचं. त्यासाठी आपल्या खासदारांकडे आणि जीएसटी परिषदेत राज्याची बाजू मांडणाऱ्या मंत्र्यांकडे जायचं. पण महिन्याच्या त्या १ लाख ८८ हजारांतला पुष्कळ भाग पणजीच्या हातात आहे.

गोव्यात वीजपुरवठा राज्याचं वीज खातंच करतं. स्थिर आकाराचा दर गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, पण वीज कायदा, २००३ च्या कलम ६५ नुसार राज्य सरकार एखाद्या वर्गातल्या ग्राहकांची रक्कम अनुदान म्हणून स्वतः भरू शकतं. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून बारच्या परवान्याची फी राज्याचा अबकारी विभाग घेतो. पर्यटन नोंदणीची फी राज्याची, शॅकची फी राज्याची, घरपट्टी आणि व्यवसाय परवाना पंचायतीचा. वर्षाची फी घेऊन चार महिने धंदा बंद ठेवला तर चार महिन्यांची फी पुढच्या वर्षात वळती करायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

माझी मागणी अशी. बंदीचा आदेश आणि मदतीचा आदेश एकाच दिवशी, एकाच फायलीतून निघावा. जितके दिवस बंद तितक्या दिवसांची सरकारी फी आणि विजेचा स्थिर आकार अर्ज न मागवता वळता व्हावा. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांसाठी पगाराचा निम्मा वाटा राज्याने थेट कामगाराच्या बँक खात्यात द्यावा, मालकाच्या नाही. नुकसान मागच्या महिन्याशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून मोजावं, म्हणजे हंगामाचा प्रश्न मिटतो. अर्धवट उघडलेल्या धंद्याला विक्री अमुक टक्क्यांवर येईपर्यंत कमी प्रमाणात मदत चालू राहावी.

आणि आदेश नसतानाही मदतीची वाट असावी. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा कितीतरी देशांनी भारताकडे येणारी विमानं थांबवली. दुसऱ्या राज्यातल्या आजाराने आपल्याकडची बुकिंग रद्द होऊ शकतात, आणि तेव्हा पणजीतून कोणताही बंदीचा कागद निघालेला नसतो.

'शेतकऱ्याला मिळत नाही आणि यांना द्यायचं?' हा आक्षेप मी ग्रामसभेत ऐकला आहे. शेतकऱ्याला मिळायलाच हवं, त्याची भरपाई अपुरी आहे हेही खरं. पण त्यामुळे दुसऱ्याला शून्य देणं योग्य ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मोठे गट आणि कॅसिनोवाले सगळं खाऊन जातील. म्हणून प्रत्येक आस्थापनेला कमाल रक्कम ठरवावी, ठरावीक उलाढालीवरच्यांना फक्त कर्जाची हमी द्यावी, आणि पैसे घेतलेल्या प्रत्येकाचं नाव व रक्कम पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर लावावी. मदत घेणाऱ्याने आजारी कामगाराला पगारी रजा द्यावी, ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

राहिला यादीचा प्रश्न. गोव्यात १९८२ पासून पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आहे. हॉटेल, गेस्ट हाऊस, ट्रॅव्हल एजंट, गाइड सगळ्यांनी नोंद करायची. तरी पुष्कळ घरगुती खोल्या नोंदीबाहेर आहेत, कारण नोंद केली की कर आणि तपासणी मागे लागेल ही भीती. जुलै २०२० मध्ये नोंद नसलेल्यांना उघडायची परवानगीही मिळाली नाही. सरकारने एकदा दंड न लावता नोंदणीची मुदत द्यावी, आणि नोंदलेल्यालाच संकटात मदत मिळेल असं लिहून द्यावं. मग लोक स्वतःहून येतील.

मालकांनी त्याची वाट पाहू नये. पर्यटन खात्याची नोंद आणि छोट्या उद्योगांसाठीची केंद्राची उद्यम नोंदणी करून घ्या. पगार रोखीने न देता बँकेतून द्या, चौघेच असले तरी. जीएसटीची विवरणं वेळेवर भरा, कारण मागच्या वर्षीच्या डिसेंबरात तुमची विक्री किती होती याचा सरकारला मान्य असलेला पुरावा तोच. परदेशी पाहुण्यांची नोंद सरकारला कळवणारे सी-फॉर्म नीट भरले असतील तर खोल्या किती भरत होत्या हेही दाखवता येतं. भाडेकरार लेखी करा आणि त्यात सरकारी आदेशाने जागा बंद राहिल्यास भाडं किती, याचं एक कलम घाला. २०२० मध्ये ज्यांच्या करारात असं काही नव्हतं त्यांना मालकाच्या मर्जीवर राहावं लागलं.

संघटनांसाठी एवढंच: निवेदन अर्थसंकल्पाच्या आधी द्या, साथ आल्यावर नाही. त्यात कोणत्या खात्याने कोणती फी किती दिवसांची वळती करायची ते कलमवार लिहा, आणि तीन-चार छोट्या धंद्यांचे खरे ताळेबंद नाव झाकून जोडा.